अकरा जर्मनखाऊ

बत्तीस वर्षं मी विजेच्या खांबांवर चढलो आणि मारोती गेल्यापासूनची चौदा वर्षं लोकांच्या घरांत शिरून वायरी कापत आलो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, पण वायरी कापायची सवय काही सुटली नाही. वायर म्हणजे कुठलीही नव्हे, दोन्ही टोकांना पिन असलेली. घरात जनरेटर आला की लोक आधी ही वायर करून घेतात. एक टोक जनरेटरला लावायचं, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात खुपसायचं, की झाली घरभर लाइट. मोठे शहाणे! मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, तारेवर चढते आणि थेट डीपीपर्यंत जाते.

डीपी म्हणजे कॉलनीच्या तोंडाशी बसवलेला ट्रान्सफॉर्मर. तो अकरा हजार व्होल्ट घेतो आणि आपल्याला दोनशे तीस देतो, एवढं शाळेतली पोरंही सांगतील. त्याला उलटसुलट कळत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्या बाजूने दोनशे तीस घातले तर पलीकडे तो इमानेइतबारे अकरा हजार काढून देतो. लाइन बंद आहे असं समजून तिकडे कोणी तारेला हात घातलेला असला, तर त्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

मारोती खंडारे माझा जोडीदार होता. एका लग्नाच्या हॉलमध्ये जनरेटर लावला होता, त्याच्या विजेने तो गेला. मी खाली दोर धरून उभा होतो. त्याची बायको दुर्गा वहिनी आमच्याच लिंबोणी नगरात राहते, अकोल्याच्या बाहेर, माझ्या घरापासून चार घरं सोडून. तेराव्याला तिच्या अंगणात मी सगळ्यांदेखत बोललो होतो, "वहिनी, म्या जित्ता हाओ तोवर या कॉलनीत एकाबी जनरेटरची लाइट तारेवर चढू देनार नाई."  शब्द दिला तो दिला.

एवढं सगळं असून माझ्याच घरात जनरेटर आला, तो माझ्या बायकोने आणला.

आमची तनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीस साली, उन्हाळा मार्चमध्येच चाळिशी ओलांडून बसला होता. वनमालाने मला न विचारता जर्मनखाऊ घरी आणला आणि कोपऱ्यात ठेवून वर जुनं लुगडं झाकलं, जणू काही मला दिसणारच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"बाळंतिणीच्या खोलीत कूलर बंद पडलेला चालते का? तुमाले कापाची असली तं वायर कापा. मशीनले हात लावला तं पाहून घेईन."

मी लगेच वायर कापली. कूलरची पिन सरळ मशीनमध्येच लावायची, मशीनची पिन भिंतीला शिवता कामा नये, अशी अट घातली आणि गप्प बसलो. बायकोपुढे कोणाचं काय चाललंय?

जर्मनखाऊ हे नाव कंपनीने दिलेलं नव्हे, वऱ्हाडाने दिलेलं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मनचं भांडं म्हणतात, आणि पातेल्याला गंज. जर्मनचा गंज प्रत्येक घरात असतो. हे मशीन तेच खातं. बिऱ्हाडातल्या गॅस सिलिंडरएवढं ते असतं, दोन बाजूंना कड्या, दोघांनी उचलून कुठेही न्यावं. आवाज नाही, धूर नाही. वरून भांड्याचे तुकडे टाकायचे, बाजूने पाणी ओतायचं, खालून वीज घ्यायची.

तनुजाने मला त्यामागचं विज्ञान नीट समजावलं होतं. ॲल्युमिनियम ही खरं तर पेटायला टपलेली धातू. ती काढतानाच कारखान्यात प्रचंड वीज लागते, आणि ती वीज तिच्या पोटात जणू कोंडून राहते. मग आपल्या चुलीवरचा गंज पेट का घेत नाही? कारण हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा चढतो. तो पापुद्रा पाण्याला आत शिरू देत नाही. हे लोक त्यावर गॅलियम चोळतात. गॅलियम तळहातावर वितळणारी धातू. ती फटीफटींतून आत झिरपते आणि पापुद्रा कुठे जमूच देत नाही. उघडी पडलेली ॲल्युमिनियम पाण्याला भेटली की पाण्यातला ऑक्सिजन ती ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो हायड्रोजन मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश जोडला जातो, त्यातून वीज निघते. खाली पांढरा चिखल उरतो, गॅलियम गाळून परत वापरता येतं. किलोभर जर्मनमध्ये दोनेक युनिट वीज मिळते, आणि मशीन दोन-अडीच लिटर पाणी पितं.

हे पाण्याचं मी तेव्हा कान देऊन ऐकलं नव्हतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी अकराला लाइट गेली. एकोणपन्नास अंश होतं. आमची गल्ली, शहर, जिल्हा, सगळं एकदम गेलं. तारा तापून लोंबल्या, झाडांना टेकल्या, एकावर भार पडला म्हणून दुसरी बसली. हे असं होतं तेव्हा कोणा एकाला शिव्या देऊन भागत नाही. तनुजाला मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते. दवाखान्यात जमिनीवरही जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "बाळाच्या खोलीचा पारा बत्तीसच्या वर जाऊ देऊ नका. इतक्या लहान जिवाला घाम येत नाही, ते आतल्या आत तापतं." दुसऱ्या दिवशी फोनही गेले.

जर्मनखाऊवर कूलर चालत होता. कूलर म्हणजे आमचा विदर्भातला, तिन्ही बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या लावलेला, दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिणारा. बोअरचा पंप बंद, टँकर येईना. बुधवारी सकाळी नऊ वाजता वनमाला रिकामी बादली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"टाकी संपली. कूलरात हाय तेवढं दुपारी बारापर्यंत. मंग?"

मी खोलीत डोकावलो. तनुजा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. भिंतीवरचा पारा एकतीस दाखवत होता. बाहेर सावलीत शेहेचाळीस. बाळाची पावलं माझ्या अंगठ्याएवढी होती. 

बारापर्यंत पंप चालू झाला पाहिजे, एवढं एकच डोक्यात उरलं.

कॉलनीचा पंप पाच हॉर्सपॉवरचा, साडेपाचशे फूट खोल. चालू झाल्यावर त्याला साडेचार किलोवॅट पुरतात, पण उठताना तो म्हशीसारखा. पहिली दोन सेकंदं त्याला पाच-सहा पट ओढ लागते, म्हणजे पंचवीसच्या आसपास. एक जर्मनखाऊ सव्वा किलोवॅट देतो, दोन सेकंदांपुरता फार तर दुप्पट. कॉलनीत अशी मशीनं अकरा होती. कोणाकडे आहेत ते मला तोंडपाठ होतं, कारण सगळ्यांच्या वायरी मीच कापल्या होत्या. अकरांचे मिळून साडेसत्तावीस. जेमतेम जमणार होतं.

पण अकरा मशीनं अकरा घरांत, आणि पंप देवळामागे. मशीनं उचलून तिकडे नेली, तर टाकी भरेपर्यंत सगळ्या घरांतले कूलर बंद राहिले असते. त्यांना जोडणारी तार एकच, खांबांवरची. ज्या तारेवर जनरेटरची वीज चढू देणार नाही म्हणून मी शब्द दिला होता, तीच.

मी दुर्गा वहिनीकडे गेलो. ती ओसरीवर ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसली होती.

"पानी पाह्यजे का, भाऊ? अर्धा गुंड हाय. लेकरासाठी न्या," मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली.

"पानी नाई, वहिनी. तुमाले एक शब्द देल्ता. थो मोडाची परवानगी मागाले आलो."

मी सगळं सांगितलं. डीपीतल्या फ्यूजच्या ग्रिपा काढीन, पेटीला कुलूप घालीन, पहिल्या खांबावरचे जोड उतरवीन, म्हणजे कॉलनीची तार बाहेरच्या जगापासून तुटेल. मग आतल्या आत अकरा मशीनं जोडायची.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थे गेले तवा परमिट होतं ना?"

परमिट म्हणजे लाइन बंद केल्याचा कागद. तो हातात आल्याशिवाय लाइनमन खांबावर चढत नाही.

"होतं."

"मंग?"

"परमिट एका बाजूचं होतं. लाइट दुसऱ्या बाजूनं आली."  पुढचं न सांगताही परवानगी मिळाली असती. पण त्या बाईच्या समोर बसून अर्धं सांगणं मला जमेना. "वहिनी, चढाच्या आंधी तारांवर साखळी टाकाची रायते. मंग कुठूनबी लाइट आली तं जमिनीत जाते. थे काम माहं होतं. वरात चाल्ली होती, लोकं घाई करून रायले होते. म्या टाकली नाई."

चौदा वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर पडलं. लोक म्हणतात बोललं की हलकं वाटतं. मला काही वाटलं नाही, भीती तेवढी वाटली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते आणि मला ते बघवेनात. मग ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता हे दार लागणार.

ती एक जाडजूड पितळी कुलूप घेऊन बाहेर आली.

"हे लावा डीपीले. चावी माह्यापाशी राहीन. तुमच्यापाशी नाई."

"बरं."

"आन दोनी बाजूंचा कागद लेहून द्या. म्या सही केल्याबिगर तिकडची लाइट इकडं यायची नाई आन इकडची तिकडं जायाची नाई. मोडलं, तं पुन्हा माह्या दारात येजा नका."

मी वहीचं पान फाडून लिहिलं, "मी, देवानंद गवारगुरू, लिंबोणी नगरची लाइन डीपीपासून तोडली आहे. दुर्गा मारोती खंडारे यांच्या सहीशिवाय ती जोडली जाणार नाही." नोकरीत मोठमोठ्या साहेबांकडून परमिटं घेतली, पण इतक्या कडक नजरेचा साहेब मला कधी मिळाला नव्हता.

दहा वाजले होते. साठ वर्षांच्या माणसाने त्या उन्हात खांबावर चढू नये, पण चढलो. लोखंड इतकं तापलं होतं की हातमोज्यांतूनही भाजत होतं. जोड उतरवले, पलीकडच्या तारांवर साखळी टाकली, तिचं टोक जमिनीत गाडलं. ह्या वेळी दोनदा टाकली. डीपीला वहिनीचं कुलूप घातलं, वर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आत जनरेटर चालू आहेत. विचारल्याशिवाय हात लावू नये." वहिनीने चावी गळ्यातल्या पोतीत अडकवली.

मग राहिलं ते लाजिरवाणं काम. अकरा घरांत दोन्हीकडे पिन असलेली वायर पाहिजे होती, आणि एकही शिल्लक नव्हती. देवळाच्या पायरीवर बसून मी स्वतःच्या हाताने अकरा वायरी केल्या. समोरचे भटकर गुरुजी उभे राहून बघत होते. त्यांची वायर मी दोनदा कापली होती.

"देवानंद भाऊ," ते म्हणाले, "हीबी कापसान ना उद्या?"

"उद्या नाई. परवा," मी म्हणालो, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसलो.

अकरा मशीनं एका तारेवर आणणं म्हणजे भजनाला अकरा जण बसवण्यासारखं आहे. प्रत्येकाने आपापला ताल धरला तर नुसता गोंधळ. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. सगळ्यांचे हेलकावे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले तरच बेरीज होते, नाहीतर ती एकमेकांचं खाऊन टाकतात. एका मशीनला ताल धरायला लावायचं, बाकीच्यांनी तारेवर तो ताल ऐकायचा आणि जुळला की मगच आपली वीज सोडायची. ह्या मशीनांत ती सोय होती, एक बटण दाबायचं काम. गुरुजींचं मशीन पखवाजवालं ठरलं.

साडेअकराला सगळे तयार झाले. मी घरी जाऊन बाळाच्या कूलरची पिन मशीनमधून काढली, कारण पंप उठेपर्यंत आमच्या मशीनचीही सगळी ताकद लागणार होती. तनुजाने माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटं," मी म्हणालो. ती बाळाला वारा घालू लागली.

मी पंपाच्या खोलीत उभा राहून हात वर केला. गुरुजींनी बटण दाबलं. एकामागून एक अकरा मशीनं तारेवर आली. मी स्टार्टरला हात घालणार, तेवढ्यात सगळ्या कॉलनीतून एकच आरोळी उठली, "आली! आली!"

आणि लगेच गेली.

मी कपाळावर हात मारून घेतला. लाइट गेली की आपल्याकडे कोणी स्विच बंद करतं का? पंखा, ट्यूब, कूलर, सगळी बटणं चालूच ठेवायची, म्हणजे लाइट आल्याचं बसल्या जागी कळतं. अकरा मशीनवाल्यांना मी बजावलं होतं, मेन स्विच चालू आणि घरातलं बाकी सगळं बंद. बाकीच्या एकोणतीस घरांचे पंखे आणि कूलर एकदम उठले आणि मशीनं बसली. बत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या हे डोक्यात येऊ नये! मी रस्त्यात उभा राहून जो तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"बोंबलू नका," दुर्गा वहिनी म्हणाली. "म्या जाते घराघरात." आणि तिने त्या एकोणतीस घरांचे मेन स्विच स्वतः पाडले. स्विच पाडायचा आणि दारावर खडूने फुली मारायची. तेवढ्यात अकरा मशीनं पुन्हा ताळ्यावर आणली. बारा वाजायला सात मिनिटं होती. वनमालाने दारातून ओरडून सांगितलं, "तेहतीस झाला पारा!"

पुन्हा हात वर. पुन्हा गुरुजींचं बटण. ह्या वेळी कॉलनी चिडीचूप. व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसवर येऊन थरथरला. मी स्टार्टर दाबला.

काटा खाली गेला. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठ. मी डोळे मिटले आणि खरं सांगतो, त्या क्षणी देवाचं नाही, मारोतीचं नाव घेतलं. मग पायाखालच्या जमिनीतून ती ओळखीची घरघर आली. डोळे उघडले तर काटा वर चढत होता. पाइपमधून आधी हवा सुटली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ, मनगटाएवढी धार. भटकर गुरुजी, सत्तरीचे, धोतरासकट त्या धारेखाली उभे राहिले. बायका हंडे घेऊन धावत आल्या. मी एक बादली भरली आणि घराकडे पळालो, साठाव्या वर्षी, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. बाळाच्या कूलरात पाणी ओतलं, पिन मशीनमध्ये लावली. अर्ध्या तासात पारा तीसवर आला. तनुजा रडत होती, वनमाला रडत होती, मीही रडलो. बाळ तेवढं झोपलं होतं.

त्यानंतरचे दोन दिवस लिंबोणी नगराने राजासारखे काढले. पंप तासभर चालवून टाकी भरायची, उरलेल्या वेळी अकरांची वीज चाळिसांनी वाटून घ्यायची. एक घर, एक कूलर, हा नियम. ज्यांच्याकडे मशीन नव्हतं त्यांनी जर्मन आणायचं. गंज आले, परातीच्या पराती आल्या, कुकरची भांडी आली, खिडक्यांच्या पट्ट्या आल्या. वनमालाने आमच्या लग्नातला, दोघांची नावं कोरलेला गंज माझ्याच हातात दिला. "कापा," म्हणाली. "नाव मिटलं म्हून नवरा थोडीच बदलते! तसं नशीब कुठी?" दुसरीकडे माणसं उन्हाने जात होती, बातम्या कानावर येत होत्या. आमच्याकडचं एकही माणूस गेलं नाही, म्हातारं नाही की तान्हं नाही.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता वीज कंपनीची गाडी आली. गाडीतून पस्तिशीचा एक लाइनमन उतरला, रोशन नावाचा. चार दिवसांत तो झोपला नव्हता हे डोळ्यांवरून दिसत होतं. डीपीवरचं लिखाण आणि कुलूप पाहून तो थांबला.

"काका, तुमी केलं हे?" त्याने विचारलं. "साखळीबी टाकली? आजपर्यंत इतक्या कॉलन्या फिरलो, कुठं कोनी सांगतबी नाई जनरेटर हाय म्हनून. मांगून लाइन चालू झाली हाय. तुमचे जोड लावले का झालं."

जोड लावायचे म्हणजे त्याला दोन्ही तारा हातात धराव्या लागणार. पलीकडची बाजू त्याच्या माणसांनी जोडापुरती बंद केली होती. अलीकडची आमच्या ताब्यात होती.

"चावी कोनापाशी?"

"माह्यापाशी," दुर्गा वहिनी पुढे आली. "पन आंधी सगळी मशीनं भाईर रस्त्यावर आना. नुसतं बंद केलं म्हनून सांगसान तं म्या ऐकनार नाई. घरातून काढा आन माह्या डोळ्यासमोर ठेवा."

अठ्ठेचाळीस अंशांत चाळीस घरांनी कूलर बंद केले. दोघादोघांनी कड्या धरून मशीनं उचलली आणि डीपीसमोर रांगेत आणून ठेवली. ज्याचं त्याने आपल्या मशीनशेजारी उभं राहायचं, वायर हातात धरून. मी रांगेपुढून फिरत होतो, ह्याला उभं कर, त्याला सरकव, चाललं होतं.

वहिनीने बोट ठेवून मोजलं. "दहा."

"पुन्हा मोजा," मी म्हणालो.

"दहाच हाय."

माझा पारा चढला. "कोनाचं रायलं? सांगा! कोनी लपवून ठेवलं? तिकडं वर मानूस चढनार हाय, जीव जाईन त्याचा! बह्याड झाले का तुमी?" मी एकेकाच्या तोंडाकडे बघत ओरडत होतो.  सगळे माझ्याकडेच बघत होते.

"भाऊ," वहिनी हळू आवाजात म्हणाली, "तुमचं?"

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला! मी पळालो. बाळाच्या खोलीत कूलर मजेत चालला होता. तो सरळ मशीनवर आहे, तारेशी त्याचा संबंध नाही, असं माझ्या मनाने केव्हा धरून घेतलं होतं कोण जाणे. मी मशीनच्या मागे वाकून पाहिलं. दोन्हीकडे पिन असलेली वायर, मी केलेली, भिंतीच्या सॉकेटात होती. मेन स्विच चालू होता. अलीकडची तार जिवंत होती.

मी तसाच जमिनीवर बसलो.

"काय झालं, बाबा?" तनुजाने विचारलं. मी वायरीकडे बोट दाखवलं. ती इंजिनिअर आहे, तिला सांगावं लागलं नाही. तिने उठून स्वतःच कूलर बंद केला, बाळाला ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "उचला. मी हिला घेऊन बाहेर येते. तो माणूस उतरेपर्यंत आम्ही लिंबाखाली बसतो."

मी आणि वनमालाने मशीन उचलून आणलं. रांगेच्या शेवटी ठेवलं आणि वायर हातात घेऊन उभा राहिलो. "पिन भिंतीतच होती, वहिनी," मी सगळ्यांसमोर सांगितलं. ह्या वेळी चौदा वर्षं थांबलो नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोट ठेवून पहिल्यापासून पुन्हा मोजलं. "अकरा." तारेवर साखळी टाकायला लावली, चाळीसही घरांचे मेन स्विच पडल्याचं फिरून तपासलं, कागदावर सही केली आणि मगच रोशनला म्हणाली, "चढ बाप्पा."

पंचवीस मिनिटं तो वर होता. सगळी कॉलनी रस्त्यावर उभी होती, भर उन्हात, म्हातारी माणसं छत्र्या धरून, लिंबाखाली तनुजा आणि तिच्याभोवती ओल्या पदरांनी वारा घालणाऱ्या बायका. बाळ मधूनच रडलं तेवढंच. कोणी घड्याळ पाहिलं नाही, कोणी 'आटप रे' म्हणालं नाही. ह्याच लोकांच्या वायरी मी चौदा वर्षं कापल्या होत्या, आणि आज कापायला काही उरलं नव्हतं.  दुर्गा वहिनी खांबाच्या बुडाशी, मान वर करून, एकदाही नजर न काढता उभी होती.

रोशनने शेवटचा जोड आवळला, पट्टा सोडला आणि एकेक पाय टाकत खाली आला. त्याचे बूट जमिनीला लागले तेव्हा वहिनीने त्याचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"लगन झालं का रे तुह्यं?" तिने विचारलं.

"झालं ना, मावशी."

"फोन लागते आता. लाव तिले. सांग, उतरलो म्हून."

रोशन गोंधळला, पण त्याने खिशातून फोन काढला. "हॅलो," तो म्हणाला, "काई नाई, असाच केला. हो. उतरलो खाली."

लाइन अजून चालू व्हायची होती. तरी पहिली टाळी भटकर गुरुजींनी वाजवली, आणि मग सगळ्या कॉलनीने.